कथेला कलाटणी द्यायची आहे? पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

दिवाळी अंकाला पाठवलेली माझी पहिली रहस्यकथा साभार परत आली, तेव्हा समासात पेन्सिलीच्या दोन खुणा होत्या. पहिली दुसऱ्या पानावर होती: शेवट इथेच कळला, अशा अर्थाची. दुसरी शेवटच्या पानावर होती: हा माणूस असं का वागला ते कळत नाही, अशी. जे कळायला नको होतं ते संपादकांना कळलं होतं, आणि जे कळायलाच हवं होतं ते कळलं नव्हतं. त्यानंतर बरीच वर्षं मी एकाच दिशेने धडपडले. धक्का आणखी मोठा केला, शेवट आणखी उशिरा सांगितला, माहिती आणखी खोल पुरली. कथा परत येतच राहिल्या. वाचकापासून लपवायचं असतं ही माझी समजूतच चुकीची होती, हे फार उशिरा लक्षात आलं. वाचकाला सगळं दाखवता येतं. त्याचा अर्थ तेवढा उशिरा लागावा लागतो.

तुमची ती वर्षं वाचावीत म्हणून हे लिहिते आहे. प्रत्येक पायरीवर माझ्या एकाच कथेचं उदाहरण घेतलं आहे. तिचे चार खर्डे झाले आणि त्यातले पहिले तीन फसले. फसलेल्या खर्ड्यांतून शिकायला जास्त मिळतं, म्हणून तेही सांगते.

हाताशी काय हवं

- एक जाड वही. कथा फक्त उजव्या पानावर लिहा. डावं पान कोरं ठेवा, ते पुढे लागणार आहे.
- दोन रंगांची पेनं.
- जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोठा तक्ता बसतो.
- कथा ज्या वर्षात घडते त्या वर्षाचं पंचांग किंवा कॅलेंडर. तिथी, सण, पाऊस, सुट्ट्या या गोष्टी कथेला अडचणीतही आणतात आणि अडचणीतून सोडवतातही.
- कथेतला धंदा किंवा गाव आतून जाणणारा एक माणूस.
- तीन वाचक. त्यात घरचं कुणी नको.
- कथा बंद करून ठेवायला किमान तीन आठवडे. दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्याच्या सुरुवातीलाच मागवतात, तेव्हा उन्हाळ्यात पहिला खर्डा हातात असावा.

१. आधी शेवट शोधू नका, वाचकाचा प्रश्न ठरवा

नवे लेखक बहुतेकदा शेवटापासून सुरुवात करतात. झोपताना एक भन्नाट शेवट सुचतो आणि मग त्याच्या मागे कथा जोडली जाते. अशा कथेतली माणसं शेवटाकडे ढकलल्यासारखी चालतात, आणि वाचकाला ते ढकलणं जाणवतं.

त्याऐवजी एका ओळीत लिहा: पान उलटताना वाचकाच्या मनात कोणता प्रश्न असेल? माझी कथा अशी आहे. साल १९८२. १८ जानेवारीपासून मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू आहे, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आहेत. रत्नागिरीकडच्या एका गावात भागीरथीकाकू एकट्या राहतात. मुलगा गिरणीत. कोकणातली कितीतरी घरं तेव्हा मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालायची आणि संपामुळे त्या बंद पडल्या होत्या. काकूंचीही बंद पडली. वैशाखात मुलगा गेल्याची तार येते. पोस्टमन सदा ती काकूंना देऊ शकत नाही. तो तार स्वतःजवळ ठेवतो आणि ज्येष्ठापासून स्वतःच्या पगारातले पन्नास रुपये दर महिन्याला मुलाची मनीऑर्डर म्हणून काकूंच्या हातात ठेवतो.

वाचकाचा प्रश्न साधा आहे: काकूंना कधी कळणार?

हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. चांगली कलाटणी या प्रश्नाचं अनपेक्षित उत्तर देते. त्याहून चांगली कलाटणी हा प्रश्नच बदलून टाकते.

२. सुचलेली पहिली पाच उत्तरं लिहून काढा आणि बाजूला ठेवा

तुम्हाला पहिल्यांदा सुचलेला शेवट वाचकालाही पहिल्यांदाच सुचतो. त्याने तुमच्याइतकीच पुस्तकं वाचलेली असतात, तुमच्याइतक्याच मालिका पाहिलेल्या असतात. म्हणून शेवट डोक्यात ठेवू नका, कागदावर उतरवा. माझी यादी अशी होती:

मुलगा जिवंत असतो आणि शेवटी परत येतो. सदा पकडला जातो, नोकरी जाते. काकूंना पेटीत तार सापडते. काकू कळताच प्राण सोडतात. सदा हा काकूंचाच हरवलेला दुसरा मुलगा निघतो.

पाचही कुठेतरी पाहिलेली. सहाव्या-सातव्या उत्तरापाशी मन कंटाळतं, आणि तिथूनच तुमची स्वतःची कथा सुरू होते. एकदा दोन दिवस थांबून मी स्वतःला वेगळा प्रश्न विचारला: या सगळ्या उत्तरांत मी काय गृहीत धरलं आहे? गृहीत हे होतं की काकूंना काही ठाऊक नाही. निरक्षर, म्हातारी, एकटी बाई, म्हणजे तिला कळणार नाही. ही माझीच आळशी समजूत होती. ती उलटली आणि कथा सापडली: काकूंना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

तुमच्या यादीखालीही हा प्रश्न लिहा. पात्राला आपण कोणतं लेबल लावलं आहे? सावत्र आई छळणार, निवृत्त मास्तर तत्त्वनिष्ठ असणार, सावकार लुबाडणार, शहरातून आलेली सून गावाला नाकं मुरडणार. कथा ओळखता येते ती पुष्कळदा या लेबलांमुळे. शेवट त्यानंतरचा.

काही शेवट यादीत आले की सरळ काट मारा:

- ते सगळं स्वप्न होतं. वाचकाने दिलेला वेळ आपण त्याच्या तोंडावर परत फेकतो.
- रात्री गाडीत भेटलेली व्यक्ती, आणि सकाळी गावकरी सांगतात, "ते घर तर वीस वर्षं बंद आहे." एसटी, टांगा, टॅक्सी, वाहन कुठलंही घ्या, पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतं.
- शेवटच्या पानावर उगवलेला जुळा भाऊ. इंग्रज धर्मोपदेशक आणि रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यात जुळ्यांबद्दल स्वतंत्र नियम आहे: वाचकाची आधी नीट तयारी करून दिल्याशिवाय जुळे आणू नयेत.
- खुनी मनोरुग्ण होता, म्हणून त्याने केलं. हे कारण नव्हे. शिवाय आजारी माणसांवर तो अन्याय आहे.

३. एक गुपित आधीच देऊन टाका

माझ्या पहिल्या खर्ड्यात तार आल्याचं मी शेवटपर्यंत लपवलं होतं. कथा सदाच्या डोळ्यांनी सांगितलेली, त्याच्या मनातलं सगळं वाचकाला दिसतं, त्याला ऊन लागतं, भूक लागते, मुलीच्या फीची काळजी वाटते. फक्त खिशातली तार तेवढी त्याला पंधरा पानं आठवत नाही! ही फसवणूक होती आणि वाचकाला ती फसवणूक म्हणूनच लागली.

नियम सरळ आहे. ज्याच्या मनात वाचकाला बसवलंत, त्याला ठाऊक असलेली महत्त्वाची गोष्ट लपवू नका. लपवायचीच असेल तर दुसऱ्याच्या डोळ्यांनी सांगा, किंवा निवेदक स्वतःशी खोटं बोलणारा आहे हे त्याच्या भाषेतून जाणवू द्या. हे दुसरं फार कठीण आहे, पहिल्या कथेत नको.

चौथ्या खर्ड्यात मी तार दुसऱ्याच पानावर उघड केली. सदाने ती वाचली, घडी केली, खिशात ठेवली. त्याचा परिणाम मला अपेक्षित नव्हता. कथेचं गुपित आपल्याला कळलं या समाधानात वाचक शोधायचा थांबला. आता तो सदाच्या बाजूने काळजी करत होता: हा पकडला जाईल का, पैसे पुरतील का. काकूंकडे त्याचं लक्षच नव्हतं. ज्याच्याकडे वाचक पाहत नाही, तिथे कलाटणी वाढते.

४. कुणाला काय, कधीपासून माहीत: तक्ता करा

कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर उभे रकाने पात्रांचे आणि एक रकाना वाचकाचा आखा. आडव्या ओळी प्रसंगांच्या. प्रत्येक चौकोनात, त्या क्षणी त्याला काय माहीत आहे आणि तो काय समजतो आहे, हे लिहा. "माहीत" एका रंगात, "समज" दुसऱ्या रंगात.

माझ्या तक्त्यात काकूंच्या रकान्यात अक्षय्य तृतीयेपासून, म्हणजे तार आली त्या दिवसापासून, "माहीत" होतं. सदाच्या रकान्यात शेवटपर्यंत "काकूंना माहीत नाही असा समज". वाचकाच्या रकान्यात सदाचाच समज. तिघांपैकी फक्त काकूंना सगळं चित्र दिसतं आहे. तक्ता पूर्ण झाल्यावर मला काकूंचं प्रत्येक वाक्य पुन्हा लिहावं लागलं, कारण सगळं ठाऊक असलेली बाई वेगळं बोलते.

वाचकाला पात्रांपेक्षा जास्त माहीत असलं तर काय होतं, याचा एक जुना धडा आपल्याजवळच आहे. महाभारतातल्या शकुंतलेच्या आख्यानात ना अंगठी आहे ना शाप. त्या दोन्ही गोष्टी कालिदासाच्या नाटकात येतात. चौथ्या अंकात दुर्वासाचा शाप सख्या ऐकतात, प्रेक्षक ऐकतात, शकुंतला ऐकत नाही. सख्या तिला सांगायचं टाळतात. निरोपाच्या वेळी तेवढं म्हणतात की राजाने ओळखायला वेळ लावला तर ही अंगठी दाखव. प्रेक्षकाला त्या वाक्यातली भीती कळते. पुढे दरबारात ती बोटाकडे पाहते आणि अंगठी नसते, तेव्हा धक्का तिला बसतो, आपल्याला यातना होतात. गुपित उघडं असूनही नाटक पकडून ठेवतं. म्हणून प्रत्येक कथेत वाचकाला अंधारात ठेवायचा हट्ट नको. तुमच्या कथेला कोणतं अंतर हवं आहे, ते तक्त्यावरून ठरवा.

५. पेरणी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

कलाटणी वाचून वाचक मागची पानं उलटतो. तिथे त्याला खुणा सापडल्या तर तो खूश होतो, सापडल्या नाहीत तर त्याला फसवल्यासारखं वाटतं. माझा अनुभव असा की एका कलाटणीला तीन ते पाच खुणा पुरतात. तीनपेक्षा कमी असतील तर योगायोग वाटतो, पाचापेक्षा जास्त झाल्या तर गुपित फुटतं.

खूण म्हणजे अशी गोष्ट जिला पहिल्या वाचनात एक अर्थ असतो आणि दुसऱ्या वाचनात दुसरा. दोन्ही अर्थ खरे वाटले पाहिजेत. माझ्या कथेतल्या चार खुणा सांगते.

पहिली खूण. तार आली त्या संध्याकाळी सदा काकूंच्या बेड्यापर्यंत, म्हणजे अंगणाच्या फाटकापर्यंत, जातो आणि परत फिरतो. रोजचं टपाल दुपारच्या एसटीनंतर येतं, खांद्यावर पिशवी असते. त्या दिवशी अवेळ आहे, पिशवी नाही, हातात एकच कागद. काकू खळ्यात वाळत घातलेली आमसुलं गोळा करत आहेत. दुसऱ्या दिवशी त्या विचारतात, "काल आलास नि परतलास रे?" सदा म्हणतो, "छत्री विसरलो होतो, काकू." त्या एवढंच म्हणतात, "बरं." पहिल्या वाचनात ही सदाची थोडक्यात झालेली सुटका आहे.

दुसरी. अक्षय्य तृतीयेला तार आली. द्वादशीला सदाला दिसतं की परसात, गडग्यापाशी, काकूंनी केळीच्या पानावर भात ठेवला आहे आणि त्या कावळ्याची वाट पाहत उभ्या आहेत. त्याला वाटतं, नवऱ्याची तिथी असेल. तृतीया ते द्वादशी मोजली तर दहावा दिवस येतो. मी तो आकडा कथेत कुठेही लिहिलेला नाही.

तिसरी. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असायचं, त्यावर पाठवणारा दोन ओळींचा मजकूर लिहायचा. पूर्वी काकू तो मजकूर सदाकडून तीन-तीनदा वाचून घ्यायच्या. ज्येष्ठात सदाने रात्र जागून खोटा मजकूर तयार केला. काकूंनी पैसे घेतले, कुपन कपाटाच्या खणात ठेवलं आणि म्हणाल्या, "उशीर झाला असेल तुला, जा."

चौथी माझी आवडती. अंगठा उठवणाऱ्याला साक्षीदार लागायचा, म्हणून शेजारचा बाळू सही करायला येत असे. सदाला नेमकी त्याचीच धास्ती, कारण बाळू शिकलेला आहे, फॉर्म पाहिला तर ओळखेल. आषाढात सदा अंगणात उभा राहून शब्द शोधत असतो, तेवढ्यात काकूच म्हणतात, "बाळूला नको बोलावूस. लावणीत असेल तो." पहिल्या वाचनात ही म्हातारीची शेजाऱ्यासाठी असलेली काळजी आहे आणि सदाचं नशीब आहे. दुसऱ्या वाचनात ती सदाचं खोटं स्वतःच्या हाताने झाकते आहे.

चार खुणांपैकी दोन अशा आहेत की नेहमी घडणारी गोष्ट घडली नाही. वाचून घेणं थांबलं, साक्षीदार बोलावणं थांबलं. नव्या वस्तूवर वाचकाची नजर अडकते. टेबलावर विषाची बाटली ठेवलीत तर तो ती विसरत नाही. थांबलेली गोष्ट मात्र त्याच्या नजरेतून निसटते. फक्त ती आधी रोजची म्हणून एक-दोनदा दाखवलेली हवी, नाहीतर ती थांबल्याचं नंतरही कळत नाही.

खुणा झाकायच्या कशा?

खूण परिच्छेदाच्या मध्ये ठेवा. पहिलं आणि शेवटचं वाक्य वाचक लक्षात ठेवतो.

खुणेच्या लगेच पुढे दुसरी एखादी निकड आणा. बाळूच्या वाक्यानंतर सदाला आठवतं की मुलीची फी भरायची शेवटची तारीख उद्याच आहे, आणि वाचक त्याच्याबरोबर फीकडे जातो.

खुणेला त्या जागी स्वतःचं काम द्या. आषाढात लावणी असतेच, म्हणून काकूंचं वाक्य ऋतूचं वर्णनही करतं. केवळ खूण म्हणून लिहिलेलं वाक्य उपरं दिसतं.

आणि आता वहीचं डावं पान. प्रत्येक खुणेसमोर तिथे दोन ओळी लिहा: पहिला अर्थ, दुसरा अर्थ. ज्या खुणेचा पहिला अर्थ लिहिता येत नाही, ती खूण उघडी पडली आहे. ज्या खुणेचा दुसरा अर्थ लिहिता येत नाही, ती नुसती सजावट आहे.

६. चकवा द्या, पण खोटं बोलू नका

रानात चकवा लागतो म्हणतात, तेव्हा वाट खरीच असते, माणूस तिच्यावरून भलतीकडे जातो. कथेतला चकवाही असाच हवा. पात्रं खोटं बोलू शकतात. निवेदनातलं वाक्य खोटं असता कामा नये.

"काकूंना काहीच कळलं नाही" असं मी दुसऱ्या खर्ड्यात लिहिलं होतं. ते खोटं होतं. "काकूंच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही, सदाला हायसं वाटलं" हे खरं आहे. कथा पूर्ण झाल्यावर निवेदनातल्या प्रत्येक वाक्याखाली बोट ठेवून विचारा: सगळं उलगडल्यावरही हे खरं राहतं का? हे काम कंटाळवाणं आहे. एका बैठकीत होत नाही. पण वाचकाचा विश्वास त्यावरच टिकतो.

७. योगायोगाला कुठे जागा द्यायची

अडचण निर्माण करायला योगायोग चालतो. अडचण सोडवायला चालत नाही. तार नेमकी सदाच्याच हाती पडते, कारण तो गावचा पोस्टमन आहे. हा योगायोगसुद्धा नव्हे. शेवटी काकूंना वाऱ्याने उडालेली तार सापडली असती, तर तो निव्वळ योगायोग झाला असता.

ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात मिटिसच्या पुतळ्याचं उदाहरण दिलं आहे. आर्गोस नगरात मिटिसच्या मृत्यूला कारण झालेला माणूस त्याचाच पुतळा पाहत उभा होता आणि पुतळा त्याच्यावर कोसळून तो मेला. घडलं ते अपघातानेच, पण त्यात काही हेतू असावा असं वाटतं. कुणाही वाटसरूवर तो कोसळला असता तर ती कथा झाली नसती. योगायोग वापरावाच लागला, तर तो पात्राच्या आधीच्या कृत्याशी जोडलेला आहे ना, एवढं पाहा.

८. कलाटणी कुठे, आणि किती शब्दांत

भरताच्या नाट्यशास्त्रात नाटकाचे पाच संधी, म्हणजे कथानकाचे पाच टप्पे, सांगितले आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. त्यातल्या शेवटच्या, निर्वहण संधीत नेहमी अद्भुत रस असावा, असं तिथे म्हटलं आहे. निर्वहण म्हणजे सगळे धागे एकत्र येण्याची जागा. धागे एकत्र येण्यातून विस्मय यावा, या अर्थाने मी तो सल्ला घेते. बाहेरून आणलेला विस्मय टिकत नाही.

लघुकथेत उलगडा शेवटच्या दहाव्या हिश्शात येऊ द्या. कादंबरीत एक कलाटणी मध्यावर लागते, नाहीतर मधली शंभर पानं सपाट होतात.

उलगडा थोडक्यात करा. माझ्या तिसऱ्या खर्ड्यात काकू दीड पान बोलत होत्या: मला त्या दिवशीच कळलं, तू परत फिरलास तेव्हा, मी कावळ्याला भात ठेवला, बाळूला थांबवलं. सगळ्या खुणा मीच मोजून दाखवल्या होत्या आणि वाचकाला शोधायला काही ठेवलं नव्हतं. चौथ्या खर्ड्यात असं झालं: सदा सांगायचं ठरवून येतो. काकू एक पुरचुंडी त्याच्या हातात देतात. पन्नासाच्या तीन नोटा, घडी न मोडलेल्या. मग म्हणतात, "आता गणपतीला चाकरमानी येतील. तू नको सांगूस. ते सांगतील, तेव्हा मी रडेन."

कथा तिथे संपते. "काकूंना कधी कळणार" हा प्रश्न बाजूला पडतो आणि चार महिने कोण कुणाला सांभाळत होतं, हे वाचक स्वतः मागे जाऊन शोधतो.

९. भोकं शोधा, जाणकाराकडून

तिसऱ्या खर्ड्यात काकू हे गुपित अनेक वर्षं सांभाळतात असं होतं. राजापूरकडच्या एका ओळखीच्या बाईंना मी तो वाचायला दिला. त्यांनी पहिल्याच पानावर विचारलं, "अगो, पण गणपतीला चाकरमानी येणार ना? वाडीतले दहा जण त्याच चाळीत राहणार. त्यांच्याकडून कळल्याशिवाय राहील?"

पत्रं सदा अडवू शकतो, माणसं अडवू शकत नाही. माझी सगळी रचना त्या एका प्रश्नाने पडली. दोन दिवस मला वाईट वाटत होतं. मग पंचांग काढून बसले. वैशाख ते भाद्रपद, म्हणजे ज्येष्ठ, आषाढ, श्रावण अशा तीनच मनीऑर्डरी. गुपिताला मुदत मिळाली. दर महिन्याला गणपती जवळ येऊ लागले, सदाची घालमेल वाढू लागली, आणि शेवटचं वाक्यही त्या भोकातूनच आलं.

म्हणून भोक सापडलं की ते बुजवायची घाई करू नका. आधी ते कथेत आणून पाहा.

जाणकाराला विचारायचे प्रश्न: हे काम खरंच असं होतं का? यात आणखी कुणाचा हात लागतो? किती दिवस लागतात? कुणाला आपोआप कळतं? आजच्या काळातली कथा असेल तर मोबाइलचं काय, सीसीटीव्हीचं काय, बँकेच्या संदेशाचं काय, हे प्रश्न आधी सोडवा. "नेमकी रेंज नव्हती" हा उपाय वाचक आता मान्य करत नाही.

१०. तीन वाचक, आणि त्यांना विचारायचं काय

"कशी वाटली?" असं विचारू नका, "छान" एवढंच उत्तर मिळतं. कथा तीन भागांत वेगवेगळी द्या. प्रत्येक भागानंतर एकच प्रश्न: पुढे काय होईल असं वाटतं? उत्तर लिहून घ्या, चेहरा निर्विकार ठेवा.

तिघांनीही शेवट ओळखला, तर खुणा जास्त आहेत किंवा उघड्या आहेत. कुणालाच अंदाज करावासा वाटला नाही, तर पहिल्या पायरीवर परत जा, प्रश्नच उभा राहिलेला नाही. एकाने ओळखलं आणि तरीही त्याला शेवट आवडला, तर कथा जमली. ओळखूनही डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं, कारण चांगली कथा लोक दुसऱ्यांदा वाचतात, आणि दुसऱ्यांदा वाचताना शेवट सगळ्यांनाच माहीत असतो.

शेवटी तिघांनाही मागे जाऊन खुणा शोधायला सांगा. ज्या खुणा कुणालाच सापडत नाहीत, त्या किंचित उघड्या करा. द्वादशीचा दहावा दिवस माझ्या तिघांपैकी एकीनेच मोजला. तो मी तसाच ठेवला.

११. पाठवण्याआधी

- शीर्षक तपासा. माझं पहिलं शीर्षक "तार" होतं. दुसऱ्या पानावर तार उघड करायचं ठरल्यावर त्याने काही बिघडलं नसतं, पण कथा काकूंची झाली होती. मी ते "साक्षीदार" केलं.
- अंकाची शब्दमर्यादा पाळा. कमी करायचं असेल तर खुणांना हात लावण्याआधी डावं पान पाहा. छाटणीत खूण गेली की शेवट अधांतरी राहतो, आणि हे आपल्या लक्षात येत नाही कारण आपल्याला ती आठवत असते.
- मजकूर युनिकोडमध्ये द्या, कथा अप्रकाशित आणि स्वतंत्र असल्याचं पत्र जोडा, प्रत स्वतःजवळ ठेवा.
- सोबतच्या पत्रात कथेचा सारांश मागितला नसेल तर देऊ नका. मागितला असेल तर शेवटासकट द्या, संपादकापासून तो लपवू नका.
- दुसऱ्या पायरीवर काट मारलेल्या शेवटांची यादी फाडू नका. माझ्या त्या यादीतली "सदा पकडला जातो" ही ओळ दोन वर्षांनी वेगळ्या कथेत कामी आली. तिथे पोस्टमनऐवजी रेशन दुकानदार होता आणि पकडणारी त्याची बायको.